सदाशिव पेठेत चिनी घरांच्या बातम्या: आठ शनिवारांच्या अभ्यासवर्गाचे परीक्षण

मोडी लिपीपासून मधमाशीपालनापर्यंत कशाचाही वर्ग पुण्यात भरतो आणि त्याला वीस-पंचवीस माणसे मिळतातच, हे ठाऊक असूनही सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या जिन्यापाशी ‘चीनमधील घरबांधणी: बातमी, प्रचार आणि आकडे’ अशी पाटी पाहिली, तेव्हा मी थबकलो. आठ शनिवार, सायंकाळी साडेपाच ते साडेसात, शुल्क २,४०० रुपये, त्यात छापील टिपणवही आणि मध्यंतराचा चहा; गाडी लावायला जागा नाही, हेही पाटीवरच लिहिलेले होते. वर्ग चालवणाऱ्यांचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी मांडायच्या आहेत आणि मंडळी सालस आहेत.

नाव नोंदवण्यामागे माझे एक खासगी कारण होते. एका दैनिकाच्या परदेशी बातम्यांच्या पानावर मी एकोणीस वर्षे काम केले. वृत्तसंस्थेकडून इंग्रजीत आलेला मजकूर रात्री साडेनऊच्या आत मराठीत करून पानात बसवायचा, एवढेच ते काम. चीनच्या घरांविषयीच्या किती बातम्या माझ्या हाताखालून गेल्या याची गणती नाही, आणि त्यांतल्या एकाही इमारतीच्या आसपास मी कधी फिरकलेलो नाही. भारत आणि चीन यांनी २०२३ मध्ये एकमेकांच्या वार्ताहरांचे व्हिसा अडवून धरले, तेव्हापासून तर आपल्याकडे येणारे बहुतेक सगळे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. मराठी वाचकाच्या बाबतीत तिसऱ्याच्या म्हणावे लागेल, कारण मध्ये माझ्यासारखा भाषांतरकार बसलेला असतो.

वर्गात आम्ही चोवीस जण होतो. निम्मे निवृत्त, आणि उरलेल्यांत बरेचसे असे की ज्यांचे स्वतःचे घर वाघोलीला, पुनावळ्याला किंवा हिंजवडीच्या पुढे कुठेतरी अर्ध्यावर उभे आहे. चीनमधल्या लोकांनी ताबा मिळेपर्यंत कर्जाचे हप्ते भरायचे नाकारले, ही बातमी कधीतरी वाचून त्यांच्या मनात राहिली होती, आणि तेवढ्यासाठी ते आले होते. शिकवणाऱ्या बाई अनेक वर्षे वृत्तपत्रविद्या शिकवलेल्या. वयाचा भेद न ठेवता सगळे त्यांना मॅडम म्हणत.

पहिल्या शनिवारी मॅडमनी प्रस्तावना न करता पडद्यावर एक चित्रफीत लावली. उंच इमारती एकामागून एक गुडघे टेकल्यासारख्या खाली बसतात आणि धुळीचा लोट कॅमेऱ्याकडे धावत येतो. खोलीतल्या निम्म्याहून अधिक जणांनी ती आपापल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत पाहिलेली होती. ‘याच्यासोबत काय काय लिहून आलं होतं, आठवतंय का?’ असे विचारून त्यांनी उत्तरे फळ्यावर घेतली. कोणाला ती चीनची अर्थव्यवस्था कोसळल्याचा पुरावा म्हणून आली होती, कोणाला एव्हरग्रँड या बुडालेल्या बांधकाम कंपनीच्या इमारती म्हणून, आणि एका आजोबांना भूकंप म्हणून. मग त्यांनी मूळ घटना सांगितली. युनान प्रांतातल्या कुनमिंग शहरात २७ ऑगस्ट २०२१ रोजी ठरवून, स्फोटके लावून या इमारती पाडल्या गेल्या. पाऊण मिनिटात चौदा कोसळल्या आणि एक वाकडी होऊन उभीच राहिली. प्रकल्प अनेक वर्षे अर्धवट पडून होता, त्याची मालकी हातोहाती फिरली होती. एव्हरग्रँडचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण त्या कंपनीचे हप्ते थकल्याची बातमी पुढच्याच महिन्यात जगभर गेली आणि दृश्याच्या शोधात असलेल्या मथळ्यांना हे दृश्य आयते मिळाले.

‘म्हणजे आपल्या चांदणी चौकासारखंच की, मॅडम,’ मागच्या बाकावरचे एक काका म्हणाले. २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे चांदणी चौकातला पूल पाडण्यासाठी ६०० किलो स्फोटके वापरली गेली, तरीही पूल पुरता पडला नाही आणि उरलेला भाग यंत्रे लावून उतरवावा लागला, हे पुणेकर इतक्यात विसरलेले नाहीत.

‘बरोबर. मग काका, तो पूल पडला म्हणजे पुण्याची अर्थव्यवस्था कोसळली, असं कोणी म्हणालं का?’

‘छे हो. वाहतूक सुटेल म्हणालो आपण.’

सगळे हसले. तेवढ्यात खिडकीजवळ बसलेली एक तरुण मुलगी म्हणाली, ‘पण मॅडम, पूल जुना होता. त्या इमारतींत तर कोणी राहायलाच गेलं नव्हतं.’ यावर मॅडम दोन क्षण थांबल्या आणि फळ्यावर तिचे वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले. या वर्गाची जमेची बाजू मला त्या एका कृतीत दिसली. खोटा मथळा उघडा पाडताना मूळ दुखणेही खोटे ठरवण्याचा मोह पुढच्या आठवड्यांत अनेकदा डोकावला, आणि मॅडमनाही तो नेहमी आवरता आला असे नाही. पण ते वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात आठही शनिवार राहिले. पुसणाऱ्या शिपायाला तशी ताकीद होती.

दुसरा आणि तिसरा शनिवार ‘भुताची शहरे’ या शब्दाला दिलेला होता. इनर मंगोलियातल्या ओरदोस शहराचा कांगबाशी हा नवा भाग अल जझीराने २००९ मध्ये दाखवला, पाठोपाठ २०१० मध्ये टाइम साप्ताहिकाने त्याची छायाचित्रे छापली: रुंद रस्ते, प्रचंड चौक, आणि झाडू मारणारा एखादा माणूस. मार्च २०१३ मध्ये सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ने झेंगझोऊजवळच्या झेंगदोंगमधले रिकामे मनोरे दाखवले. टिपणवहीत या दोन्ही ठिकाणांची वेगवेगळ्या वर्षांतली अवस्था शेजारी शेजारी मांडली आहे, आणि चोवीसशे रुपयांपैकी निम्मे माझ्या मते त्या पानांतच वसूल होतात. झेंगदोंगमध्ये आज बँकांची कार्यालये, विद्यापीठे आणि वेगवान रेल्वेचे मोठे स्थानक आहे. तेथे भूत शोधायला जाणाऱ्याला जेवायला रांग लावावी लागेल. कांगबाशीचे उत्तर इतके सरळ नाही. तेथे दहा लाख माणसे राहतील असे आधी बोलले गेले, मग हे लक्ष्य तीन लाखांवर आले, आणि २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या लाखाच्या थोडी वर भरली. ही जी माणसे आली ती आपसूक आली नाहीत. सरकारी कचेऱ्या तेथे नेल्या गेल्या, नावाजलेली शाळा हलवण्यात आली, आणि मुलांच्या प्रवेशासाठी आईबाप मागोमाग गेले.

आता २००९ चे छायाचित्र खोटे होते का? नव्हते, त्या दिवशी तो चौक खरोखर रिकामा होता. दोष आहे तो तेच छायाचित्र तारीख न लावता दहा-बारा वर्षे फिरवत राहण्यात. आणि उलट बाजूने ‘बघा, भरले की शहर’ असे म्हणताना दहा लाखांचा पहिला आकडा गाळून टाकणे, हाही त्याच जातीचा दोष आहे. नांदेड सिटी किंवा मगरपट्टा यांचे पहिल्या दोन वर्षांतले फोटो काढून कोणी आज छापले तर आपण काय म्हणू, असे मॅडमनी विचारले. उदाहरण बरे होते, पण ताणल्यास तुटणारे होते. मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी आपल्याच जमिनी एकत्र करून कंपनी उभी केली; चीनमध्ये शहरी जमीन सरकारची असते आणि घर घेणाऱ्याला ७० वर्षांचा वापरहक्क मिळतो. ही जमिनीची गोष्ट वर्गात यायला पाचवा शनिवार उजाडला. ती पहिल्याच दिवशी यायला हवी होती.

चौथा शनिवार आकड्यांचा होता आणि तो माझ्यासाठी कठीण गेला.

मॅडमनी चीनमधल्या रिकाम्या घरांचे चार आकडे दिले. पहिला २०१० चा. सलग सहा महिने ज्यांचे वीजमीटर शून्यावर होते अशी साडेसहा कोटी घरे आहेत, असे तेव्हा पसरले आणि चीनच्या वीज महामंडळाने ते नाकारले. दुसरा चेंगदूच्या एका विद्यापीठाच्या पाहणीतला, २०१७ चा: शहरी घरांपैकी २१.४ टक्के, म्हणजे पुन्हा साडेसहा कोटी. आकडा तोच आल्यामुळे अफवा आणि पाहणी यांची सरमिसळ झाली आणि अनेक लेखांत दोन्ही एकच म्हणून वावरतात. या पाहणीत कुटुंबाचे वापरात नसलेले दुसरे घर तर धरलेले होतेच, शिवाय कामासाठी परगावी गेलेल्या माणसाचे बंद घरही धरलेले होते. म्हणजे चाकणला नोकरी लागलेल्या माणसाचे साताऱ्याचे कुलूपबंद घरही त्यात मोजले गेले असते. तिसरा आकडा ऑगस्ट २०२२ चा. बेइके या घरविक्री करणाऱ्या कंपनीच्या संशोधन संस्थेने २८ शहरांत सरासरी १२ टक्के घरे रिकामी असल्याचा अहवाल काढला आणि आठवड्याभरातच, माहिती सदोष होती असे सांगून, जाहीर माफी मागून तो मागे घेतला. आकडा खरोखर चुकला होता की न आवडणारा होता, हे बाहेरच्या माणसाने आपल्या ग्रहानुसार ठरवावे.

चौथ्या आकड्यापाशी मी खाली मान घातली. सप्टेंबर २०२३ मध्ये चीनच्या सांख्यिकी विभागाचे माजी उपप्रमुख, ज्यांचे आडनाव हे आणि नाव केंग, एका जाहीर कार्यक्रमात रिकाम्या घरांविषयी बोलले. जाणकारांचे अंदाज एकमेकांशी जुळत नाहीत. सर्वांत टोकाचा अंदाज असा की रिकाम्या घरांत ३०० कोटी माणसे मावतील. तो जरा जास्तच वाटतो, पण देशाच्या १४० कोटी लोकांनाही ती भरता येणार नाहीत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. म्हणजे तीनशे कोटींचा अंदाज त्यांनी उल्लेख करता करताच बाजूला ठेवला होता. त्या रात्री पानावर मी दिलेला मथळा मला अजून पाठ आहे: ‘चीनमध्ये तीनशे कोटी लोकांची घरे रिकामी’. तीन स्तंभांत बसत होता. मूळ मजकुरातले ‘जरा जास्तच’ हे शब्द चौथ्या परिच्छेदात होते आणि चौथा परिच्छेद जागेअभावी कापला गेला, कापणारा मीच. मला चीनचा रागही नव्हता आणि लोभही नव्हता, फक्त तीन स्तंभ भरायचे होते. पक्षपात म्हटले की आपण कोणाचा तरी हात शोधतो. माझ्या अनुभवात पुष्कळदा तो कात्रीचा असतो.

मधल्या वेळात मी हे मॅडमना सांगितले. त्या चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, ‘मग पुढच्या वर्गात हे तुम्हीच सांगा.’ मी सांगितले, आणि त्यानंतर काका मंडळी मला जरा अधिक आपुलकीने वागवू लागली.

आकड्यांच्या याच वर्गात आपल्याकडचा एक आकडाही आला. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातल्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरे रिकामी होती, म्हणजे शहरी घरांच्या सुमारे १२ टक्के, आणि त्यांत महाराष्ट्र २० लाखांहून अधिक घरांसह सर्वांत पुढे होता. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने हे ठळकपणे नोंदवले. लगेच एकाने हात वर केला: तिकडेही बारा, इकडेही बारा, मग फरक तो काय? मॅडमनी ही तुलना तेथेच थांबवली, आणि योग्य केले. एक आकडा जनगणनेतला आणि जुना, दुसरा एका कंपनीचा, मोजक्या शहरांचा आणि तोही मागे घेतलेला. त्यांची बेरीज-वजाबाकी करणे म्हणजे शेर आणि लिटर एकाच मापाने मोजणे. तरी एक गोष्ट मनात राहिलीच: आपल्या बारा टक्क्यांना ‘भुताचे शहर’ असे नाव कोणी दिलेले मला आठवत नाही.

माझ्या व्यवसायातली एक बारीक गोष्ट टिपणवहीत नव्हती, ती येथे नोंदवतो. इंग्रजी बिलियन-ट्रिलियनचे मराठीत कोटी-लाख कोटी करताना शून्य गळते किंवा वाढते, आणि चीनच्या बातम्यांत हे फार होते, कारण तेथले सगळेच आकडे अवाढव्य असल्याने चूक डोळ्याला खुपत नाही. एव्हरग्रँडचे देणे सुमारे ३०,००० कोटी डॉलर होते. ते मी मराठीत तीन हजार कोटी आणि तीन लाख कोटी अशा दोन्ही रूपांत छापलेले पाहिले आहे, आणि एकाही वाचकाचे पत्र आले नाही.

पाचवा शनिवार जमिनीचा आणि पैशाचा. सादरीकरण कंटाळवाणे, पण आशय पक्का. १९९८ मध्ये कामाच्या ठिकाणाकडून घर मिळण्याची जुनी पद्धत बंद झाली. १९९४ च्या करसुधारणेनंतर स्थानिक सरकारांचा खर्च त्यांच्याकडेच राहिला आणि महसुलाचा मोठा वाटा केंद्राकडे गेला, तेव्हा जमिनीचा वापरहक्क विकणे हा त्यांचा आधार बनला. २०२१ मध्ये ही मिळकत ८.७ लाख कोटी युआनवर पोहोचली आणि २०२३ मध्ये ५.८ लाख कोटींवर उतरली. घरे बांधून होण्याआधीच विकली जात आणि घेणाऱ्याचे हप्ते लगेच सुरू होत. ऑगस्ट २०२० मध्ये सरकारने बिल्डरांच्या कर्जावर ‘तीन लाल रेषा’, म्हणजे तीन मर्यादा, आखल्या, आणि नव्या कर्जावर जुनी कर्जे फेडणाऱ्या कंपन्यांचा श्वास अडकला. आपल्या अग्रलेखांत हे सगळे ‘ड्रॅगनची घमेंड’ या सदराखाली येते. वर्गात ते जमाखर्चाच्या वहीसारखे आले, आणि म्हणून समजले. चीनच्या अर्थव्यवस्थेत घरबांधणीचा वाटा ३० टक्के, हे जे सर्रास छापले जाते, तेही येथे उलगडले: केनेथ रोगॉफ आणि युआनचेन यांग यांच्या २०२० च्या अभ्यासातला २९ टक्क्यांचा आकडा सिमेंट, पोलाद, फर्निचर अशा जोडधंद्यांसह धरलेला आहे. बातमीत जोडधंदे गळतात, टक्के राहतात.

याच दिवशी एक पाहुणे वक्ते आले होते, व्यापारानिमित्त चीनला अनेकदा जाऊन आलेले. शेन्झेनची स्वच्छता, तिथली मेट्रो, रात्री बारापर्यंत उघडी दुकाने हे त्यांनी रंगवून सांगितले, आणि प्रत्येक शंकेला ‘मी डोळ्यांनी पाहिलंय’ असे उत्तर दिले. पाऊण तास असाच गेला. शेन्झेनमध्ये उभे राहून जिंगदेझेनसारख्या दूरच्या शहरातले अर्धवट घर दिसत नाही, एवढे त्यांना कोणीतरी सांगायला हवे होते. मी सांगितले नाही, कारण भजी आली होती.

सहावा शनिवार चिनी प्रचाराचा. अवघ्या २८ तास ४५ मिनिटांत चांगशा शहरात उभी राहिलेली दहा मजली इमारत आपण सर्वांनी २०२१ मध्ये पाहिली. ती बांधणाऱ्या कंपनीनेच आपल्या मालाची जाहिरात म्हणून ती फीत काढली होती आणि आपल्या वाहिन्यांनी ती ‘चीनची करामत’ म्हणून फुकट दाखवली. चीनची बदनामी आणि चीनची भाटगिरी या दोन्ही गोष्टी एकाच वाहिनीवर एकाच आठवड्यात चालतात, कारण दोन्हींना दृश्य चांगले असते, हे मॅडमचे निरीक्षण मला मार्मिक वाटले. खुद्द चीनमध्ये नियंत्रण कसे चालते याची उदाहरणेही नेमकी होती. ‘घरे राहण्यासाठी असतात, सट्ट्यासाठी नाहीत’ ही डिसेंबर २०१६ पासूनची सरकारी घोषणा शी जिनपिंग यांच्या नावाने घराघरांत पोहोचली. पण जून २०२२ च्या अखेरीस जिंगदेझेनमधल्या एव्हरग्रँडच्या ग्राहकांनी काम सुरू न झाल्यास हप्ते थांबवण्याचे पत्र काढले, आणि पाहता पाहता तीनशेहून अधिक प्रकल्पांची यादी लोकांनी एकत्र केली, तेव्हा ती पत्रे आणि चर्चा चिनी समाजमाध्यमांवरून भराभर पुसल्या गेल्या. यादी टिकली ती संगणकतज्ज्ञ वापरतात त्या गिटहब या परदेशी मंचावर. डिसेंबर २०२३ मध्ये तर अर्थव्यवस्थेविषयी निराशेचे सूर लावणाऱ्यांना चीनच्या राष्ट्रीय सुरक्षा मंत्रालयानेच जाहीर इशारा दिला. घरांच्या किमती हा हेरखात्याचा विषय झाल्यावर दरमहा निघणारा ७० शहरांचा सरकारी निर्देशांक कोणत्या डोळ्यांनी वाचायचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

चिनी पत्रकार म्हणजे सगळे एकाच साच्यातले, हा समज मात्र या वर्गाने मोडून काढला. २००७ मध्ये चोंगचिंग शहरात वू पिंग आणि यांग वू या दांपत्याने घर सोडायला नकार दिला. सभोवतीची जमीन खोल खणली गेली आणि त्यांचे दुमजली घर मातीच्या सुळक्यावर एकटे उरले. ते छायाचित्र आणि ती बातमी आधी चिनी संकेतस्थळांनी आणि वृत्तपत्रांनीच उचलली होती. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मालमत्ता हक्काचा कायदाही संमत झाला. मग वरून वार्तांकन आवरते घेण्याचे आदेश आले, आणि एप्रिलमध्ये समझोता होऊन घर पाडले गेले. एव्हरग्रँडच्या व्यवहारांचा सविस्तर पाठपुरावाही काइशिन या चिनी नियतकालिकाने केला.

आता तक्रारी. टिपणवहीतली छायाचित्रे झेरॉक्सवरून झेरॉक्स काढल्यासारखी काळवंडलेली आहेत. जेथे सगळा मुद्दा चौकात माणसे आहेत की नाहीत हा आहे, तेथे शाईचे डाग माणसांसारखे दिसतात. मूळ चिनी मजकूर वाचू शकणारे कोणीही वर्गात नव्हते, त्यामुळे प्रचाराविषयीचे सारे विवेचन पुन्हा इंग्रजीतून आलेल्या भाषांतरावरच उभे होते. वर्ग पंधरा मिनिटे उशिरा सुरू होणे हा नियम होता. यापेक्षा गंभीर गोष्ट अशी की, पाश्चात्त्य माध्यमांचा पक्षपात दाखवण्याच्या भरात निम्मा वर्ग ‘म्हणजे संकट वगैरे काही नव्हतंच’ असे म्हणत घरी जात असे. संकट होते. हाँगकाँगच्या न्यायालयाने २९ जानेवारी २०२४ रोजी एव्हरग्रँडच्या विसर्जनाचा आदेश दिला. कंपनीच्या मुख्य उपकंपनीने २०१९ आणि २०२० मध्ये मिळून ५६,४०० कोटी युआनचा महसूल फुगवून दाखवला, असे सांगणारी संस्था चीनचीच बाजार नियामक होती. देशात २०२१ मध्ये सुमारे १७९ कोटी चौरस मीटर नवी घरे-दुकाने विकली गेली होती, ती २०२४ मध्ये शंभर कोटींच्याही खाली आली, आणि हे आकडे चिनी सरकारचे आहेत. ही माहिती टिपणवहीत परिशिष्टात आहे. तिला स्वतंत्र शनिवार हवा होता.

आणि सातवा शनिवार. त्याचा विषय ‘आपली वृत्तपत्रे’ असा जाहीर झाला होता, आणि खरे सांगायचे तर मी त्यासाठीच थांबलो होतो. चायना डेली हे सरकारी दैनिक वॉशिंग्टन पोस्टसारख्या पत्रांत पैसे मोजून बातमीसारखी दिसणारी पुरवणी कशी छापवून घेत असे, यावर दीड तास उत्तम चर्चा झाली. मग मॅडमनी आपल्याकडच्या शनिवारच्या वास्तू पुरवण्यांचा विषय काढला. पहिल्या पानाच्याही आधी येणारे बिल्डरांचे चकचकीत पान, ‘या भागाचा कायापालट’ अशा मथळ्यांचे लेख आणि त्यांच्या खालीच त्याच भागातल्या प्रकल्पाची जाहिरात. पाच-सात मिनिटे झाली असतील, तोच वर्गाचे व्यवस्थापक दारात येऊन घड्याळाकडे पाहू लागले. विषय आवरला गेला. घरी जाताना मी टिपणवही उलटी धरली होती म्हणून माझे लक्ष गेले: मलपृष्ठावर एका गृहप्रकल्पाची पूर्ण पानाची जाहिरात आहे, ‘सॅम्पल फ्लॅट तयार’. सात आठवडे वही माझ्या पिशवीत होती आणि परदेशी पानावर एकोणीस वर्षे काढलेल्या माणसाला ती दिसली नव्हती. व्यवस्थापकांना विचारले तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. ‘हॉलचं भाडं निघतं हो त्यात. आणि चीनवर काही बोललं तर त्यांना काय फरक पडतो?’ या उत्तरातला दुसरा भाग मला फार नेमका वाटला. लांबच्या बिल्डरवर कितीही कोरडे ओढावेत. ते कोणाच्याही भाड्याच्या आड येत नाहीत.

शेवटच्या शनिवारी प्रत्येकाला एक कागद मिळाला, त्यावर चार रकाने: कोणी मोजले, केव्हा मोजले, काय धरून मोजले, आणि छापण्याचे पैसे कोणाचे. घरी जाऊन चीनची एक बातमी यात भरून पाहावी, अशी अपेक्षा होती. वर्ग सुटल्यावर जिन्यात ती खिडकीजवळची मुलगी थांबलेली दिसली. कठड्यावर कागद ठेवून तिने मोबाइलवर महारेराच्या संकेतस्थळावरचे तिच्या प्रकल्पाचे पान उघडले होते, जेथे कामाची प्रगती बिल्डरनेच दर तिमाहीला भरायची असते. ‘काका, हे बघा ना. दोन तिमाह्या एकच टक्का आहे. आणि मी काल जाऊन आले, लिफ्टचा खड्डा अजून उघडाच आहे.’ तिने पहिल्या रकान्यात लिहिले: बांधणारे. दुसऱ्यात लिहिले: मार्च. तिसऱ्यापाशी पेन्सिल थांबली, आणि खालून कोणीतरी स्कूटर हलवायला हाक मारली, म्हणून ती कागद दुमडून धावत गेली.

ज्याला चीनविषयी ठाम मत घेऊनच बाहेर पडायचे आहे, त्याने या वर्गाला जाऊ नये. त्याचे पैसे फुकट जातील. ज्याला बातमीचा कागद उलटसुलट करून पाहायची सवय लावून घ्यायची आहे, त्याने जरूर जावे, पाचव्या शनिवारी पाहुणे असतील तर उशिरा जावे, आणि पायी किंवा बसने जावे. पुढच्या तुकडीची नोंदणी सुरू झाली आहे आणि शुल्क २,७०० रुपये झाले आहे. या वेळी मलपृष्ठ कोरे असेल का, असे मी फोन करून विचारले. हॉलचे भाडेही वाढले आहे, असे उत्तर मिळाले.